शिकाऊ ग्रंथी

प्रणालीचे वडील वारून पंचावन्न दिवस झाले होते, आणि तरीही ते रोज वीस-बावीस किलोमीटर चालत होते.

त्यांना चालवत होता हर्षल नेहेते, त्यांचा जावई. दर चार-पाच दिवसांनी केळीची गाडी खाली करून परतलेल्या कुणातरी ड्रायव्हरचं नाव घ्यायचं आणि बायकोला सांगायचं, "अगं, आपल्या सलीमला अप्पा दिसले! महेश्वरच्या घाटावर. काठी टेकत चालले होते, तब्येत ठणठणीत. 'नर्मदे हर' म्हणाले." प्रणाली फैजपूरच्या शाळेत भूगोल शिकवायची. ती भिंतीवरच्या नकाशात लाल टाचणी थोडी पुढे सरकवायची आणि म्हणायची, "बघ, या वयातसुद्धा कसे चालतायत माझे अप्पा." हर्षल हो हो म्हणत चहाचा कप उचलायचा आणि मोरीकडे जायचा. तिच्या डोळ्यांत बघायची त्याची छाती नव्हती.

अप्पा परिक्रमेला निघाले होते हे खरं. नर्मदेला प्रदक्षिणा घालायची, पायी, फोन बंद ठेवून, असा त्यांचा नेम होता. पण अठराव्या दिवशी, बडवाणीच्या अलीकडे एका आश्रमात, त्यांना न्यूमोनियाने गाठलं. आश्रमवाल्यांनी मुलाला, म्हणजे प्रणालीच्या भावाला, वैभवला फोन केला आणि वैभवने हर्षलला. दोघे धावले. हर्षलने घरी सांगितलं, इंदूरला गाडीचं काम निघालंय. दोन दिवसांनी नदीकाठीच अग्नी देऊन ते परतले. वैभव मुंडण केलेलं डोकं लपवायला महिनाभर बहिणीकडे फिरकलाच नाही. दशक्रिया झाली, तेरावं झालं, साऱ्या पंचक्रोशीला कळलं. फक्त लेकीला नाही.

एवढं घोर खोटं कशासाठी? तर त्याचं कारण प्रणालीच्या पोटाच्या कातडीखाली होतं. दोन कुप्या, चिंचोक्याएवढ्या.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक टोपी असते, अधिवृक्क ग्रंथी नावाची. टोपी लहान, पण कारभार मोठा. रोज पहाटे ती कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात सोडते, म्हणून माणूस अंथरुणातून उठतो. आणि ताप चढला, हाड मोडलं, कुत्रं मागे लागलं, घरातलं कुणी गेलं, की मेंदूच्या बुडाशी बसलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी हुकूम काढते आणि या टोप्या कॉर्टिसॉलचा लोंढा सोडतात. त्या लोंढ्यावर रक्तदाब टिकतो, साखर टिकते, माणूस टिकतो. लोंढा आलाच नाही, तर साधी हगवणसुद्धा धडधाकट बाईला दोन दिवसांत घेऊन जाते.

प्रणालीच्या शरीराने वयाच्या पंचविसाव्या वर्षी आपल्याच टोप्यांना शत्रू समजून खाऊन टाकलं होतं. बारा वर्षं ती गोळ्यांवर जगली. रोजच्या दिवसाला गोळी पुरते. पण उलट्या सुरू झाल्या की गोळी पोटात ठरत नाही, तेव्हा इंजेक्शन लागतं. आणि दोन वर्षांपूर्वी नेमकं त्या इंजेक्शनाचंच तिला वावडं निघालं. अंगभर गांध्या, घसा सुजून श्वास बंद. त्या जातीचं प्रत्येक औषध करून पाहिलं, तीच गत. म्हणजे पुढच्या दुखण्यात तिला वाचवायला जगात काहीच उरलं नव्हतं. उरल्या होत्या त्या या कुप्या. तिच्याच कातडीच्या पेशींपासून जळगावच्या केंद्रात नवी ग्रंथी वाढवली आणि बारीक छिद्रांच्या कुपीत भरली. संप्रेरक बाहेर यावं, पण तिच्याच रक्तातले सैनिक आत शिरू नयेत, एवढीच ती छिद्रं.

"पण या पेशी नवख्या आहेत," डॉ. कस्तुरे पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. तोंडाने फटकळ, हाताने हळुवार बाई. "पहिले शंभर दिवस या शाळेत आहेत असं समजा. पीयूषिकेकडून जितका मोठा हुकूम येईल, तेवढे तो ऐकणारे कान यांना फुटतील. शंभर दिवसांनी पेशी पक्क्या होतात. मग फुटले तेवढेच कान, जन्मभर. तेव्हा हिला रोजच्यासारखं जगू द्या. शाळेत जाऊ द्या, पोरांवर ओरडू द्या, तुमच्याशी भांडू द्या. थोडं थोडं रोज. कळलं?"

हर्षलला चांगलं कळलं होतं. त्याचं केळी पिकवायचं चेंबर होतं, आणि ज्या इथिलीन वायूने केळी पिकते तोही झाडाचं संप्रेरकच. घड कोवळा कापला की संपलं, मग चेंबरमध्ये कितीही गॅस सोडा, तो पिकत नाही, नुसता सुरकुततो. एवढं ज्याला रोजचं ठाऊक, त्याने मान डोलावली आणि घरी येऊन नेमकं उलटं केलं.

कारण आपल्याकडे ऑपरेशन झालेल्या बाईला रोजच्यासारखं जगू देतात का कुठे? हर्षलच्या आईने, जिला गाव जिजी म्हणायचं, सुनेला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. शाळेतून रजा घेतली. बातम्या बंद. शेजारचे भिका महाजन गेले तर त्यांची तिरडी मागच्या गल्लीने नेली, तीही आवाज न करता. प्रणाली रागावली की सगळे हसून 'बरं बरं' म्हणायचे. आणि हर्षल? तो तर डॉक्टरांचं बोलणं अक्षरन् अक्षर पाठ म्हणून दाखवायचा, पण त्याच्या मनात एकच शब्द बसला होता, जपा. बारा वर्षांत तिला दोनदा मरणाच्या दारातून ओढून आणलेला माणूस. त्याला दुसरं सुचणार तरी काय?

त्र्याण्णवाव्या दिवशी तपासणी झाली. प्रणालीच्या दंडावर एक पट्टी असायची, ती कॉर्टिसॉलचा आकडा सतत दाखवायची. डॉक्टरांनी तिचा हात बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवला आणि एक हजारातून सतरा-सतरा वजा करायला लावले, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. भल्याभल्यांचा आकडा यात वीसच्या पुढे जातो. प्रणालीचा नऊवर बसला तो बसलाच.

"गार आहे हो फार," ती हसत म्हणाली.

डॉ. कस्तुरे हसल्या नाहीत. त्यांनी त्र्याण्णव दिवसांचा आलेख पडद्यावर लावला. सकाळी चौदा, संध्याकाळी चार, पुन्हा सकाळी चौदा. तळ्याच्या पाण्यासारखा.

"या बाईला तीन महिन्यांत एकदाही राग आला नाही? भीती वाटली नाही?"

"कुणी येऊच देत नाही," प्रणाली म्हणाली. "घरात मला देव्हाऱ्यात बसवलंय."

"मग ऐका दोघंही. रोजचा दिवस ही ग्रंथी छान शिकली. संकट शिकलीच नाही. सात दिवसांत एकदा तरी आकडा पंचवीसच्या पुढे जाऊन अर्धा तास टिकला पाहिजे. नाही टिकला तर पेशी अशाच पक्क्या होतील, आणि पुढचा मोठा ताप…" त्या थांबल्या.

"इंजेक्शनाने हुकूम देता येत नाही का?" हर्षलने विचारलं.

"ग्रंथीला देता येईल. पण बारा वर्षांच्या गोळ्यांनी हिची पीयूषिकाही आळसावली आहे. आम्ही बाहेरून हुकूम दिला तर नोकर शिकेल, मालक झोपलेलाच राहील. दोघांनी बरोबर शिकायला हवं. त्याला खराखुरा प्रसंग लागतो."

मग सुरू झाली ती हर्षलची धडपड. यात्रेतल्या उंच पाळण्यात तिला बसवलं. तिने वरून गावं ओळखून दाखवली. आकडा दहा. मोटारसायकल मुद्दाम ट्रकला घासून नेली. हर्षलच्याच हातापायांना कापरं भरलं, ती म्हणाली, "अरे वेड्या, पडलो असतो ना!" बारा. दुसऱ्या दिवशी त्याने खोटं भांडण काढलं, तिच्या हातचं जेवण, तिचं माहेर, सगळं उकरलं. ती तोंडावर हात ठेवून हसायलाच लागली.

"तुला भांडता येत नाही रे हर्षल. आधी तोंड तरी रडकं करू नकोस."

अकरा.

शहाण्णवाव्या दिवशी पुतण्याच्या साखरपुड्यात ती वरणबट्टी आणि वांग्याची भाजी जेवली आणि दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. चौथ्या उलटीनंतर ती बोलेनाशी झाली. ओठ पांढरे, हातपाय गार. जळगावला पोहोचेपर्यंत रक्तदाब सत्तरवर आला होता आणि दंडावरचा आकडा होता आठ. शरीर मरायला टेकलेलं आणि ग्रंथी आपली रोजच्या दुपारचं आठ देत बसलेली! सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या गेल्या. निभावलं, कसंबसं.

"हे अन्न बाधलं होतं, म्हणून निभावलं," डॉ. कस्तुरे हर्षलला बाहेर घेऊन म्हणाल्या. "ताप असता तर नसतं निभावलं. चार दिवस उरलेत. हर्षल, तुम्हाला एक विचारते. तिच्यापासून काही लपवून ठेवलंय का तुम्ही?"

हर्षलने अप्पांचं जाणं आणि रोजचं खोटं सांगितलं.

"थोडं थोडं शिकवायचं ते तुम्ही साठवून ठेवलंत," डॉक्टर म्हणाल्या. "एवढा धक्का न शिकलेल्या ग्रंथीला पेलेल की नाही, मी छातीठोक नाही सांगू शकत. रक्तदाब कोसळू शकतो. न सांगितलं तर पुढच्या आजारात ती जाणार, हे मात्र सांगू शकते. दोन दिवस सावरू दे तिला. सांगायचं ठरवलंत तर इथेच, खाटेवर, माझ्यासमोर. आणि आधी तिला विचारून."

हर्षल सांगणार हे वैभवला कळलं तसा तो भुसावळहून धावत आला. "भाऊजी, पाया पडतो तुमच्या, नका सांगू. अप्पांचा जीव होता ती. तिथल्या तिथे जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"पुढचं पुढे बघू ना. देव आहे."

"देवाने शंभर दिवस दिले होते रे," हर्षल म्हणाला. "आपण त्यातले सत्त्याण्णव तिला गादीवर झोपवून घालवले."

जिजीने तर त्याचा हातच धरला. "सांगून मारायचंय का तिला? माझी सून आहे ती, हर्षल. लेकीसारखी."

त्याने हात सोडवून घेतला. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की आडात ढकलायचं ते त्याला स्वतःच्या हाताने.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता डॉ. कस्तुरेंनी प्रणालीला विचारलं, "हर्षलला तुमच्याशी काहीतरी कठीण बोलायचंय. जिवाला धोका आहे त्यात. ऐकणार?"

"न ऐकूनही मरायचंच आहे ना?" प्रणाली म्हणाली. मग नवऱ्याचं तोंड बघून तिचा आवाज खाली आला. "बोल. यावेळी खरं दिसतंय काहीतरी."

दोन्ही हातांना सलाईन होतं. नर्स पडद्याशी उभी होती. आकडा आठ.

"प्रणू, अप्पा गेले."

"कुठपर्यंत?" तिने विचारलं. "नेमावरला पोहोचले?"

हर्षलने मान हलवली. "अप्पा वारले गं. साठ दिवस झाले."

ती नुसती बघत राहिली. रडली नाही, हलली नाही. तोंडावरचा रंग मात्र उतरत गेला. "दाब पंच्याऐंशी," नर्स म्हणाली. "आकडा अकरा." डॉक्टरांनी सलाईनची धार वाढवली आणि हर्षलकडे बघितलं.

"सलीमला दिसले होते ना," प्रणाली म्हणाली. "महेश्वरला?"

"नाही दिसले. कुणालाच नाही दिसले. मी सांगायचो."

"सगळ्या वेळी?"

"सगळ्या वेळी."

"तेरा. दाब ऐंशी."

"वैभवला माहीत आहे?"

"त्यानेच अग्नी दिला. मी शेजारी उभा होतो. इंदूरला गेलो म्हणालो ना, तेव्हा."

"जिजींना?"

"जिजीला, शाळेत, गल्लीत, सगळ्या गावाला. तेराव्याला तुझ्याच मामीने स्वयंपाक केला."

"सोळा," नर्स म्हणाली, आणि लगेच तिचा आवाज बदलला. "मॅडम, दाब अडुसष्ट."

प्रणालीचे डोळे मिटायला लागले होते. कपाळावर गार घाम. डॉ. कस्तुरेंनी दुसऱ्या हाताचं सलाईनही मोकळं सोडलं. "प्रणाली! इकडे बघा! हर्षल, थांबू नका. अर्ध्यात सोडलं तर गेली ती. अजून आहे का काही?"

होतं. एक होतं. ते त्याने वैभवलाही सांगितलं नव्हतं, कारण वैभव तेव्हा औषध आणायला गेला होता. हर्षलने ठरवलं होतं, हे आपल्याबरोबर चितेवर जाईल. ते कळल्यावर बायको आपल्याकडे पुन्हा कधी बघणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याने खाटेचा दांडा घट्ट धरला.

"प्रणू, ऐक. अप्पा शुद्धीवर होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, प्रणूला फोन लाव. मी नाही लावला."

डोळे अर्धवट उघडले.

"फोन माझ्या हातात होता. मी म्हटलं, नको अप्पा, तिला धक्का बसेल, शंभर दिवस होऊ द्या. त्यांनी पुन्हा मागितला. तिसऱ्यांदा मागितला तेव्हा मी फोन खिशात घातला."

"तू," प्रणाली म्हणाली.

"मग म्हणाले, बरं, मग एवढं तरी सांग तिला. आणि मी… मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, असं काय बोलता अप्पा, तुम्ही बरे होणार, तुम्हीच सांगा तिला घरी येऊन. ते माझ्याकडे बघत राहिले. मग तोंड फिरवलं. सकाळी गेले."

प्रणाली उठली. जिला मान उचलत नव्हती ती बाई सलाईनच्या नळ्यांसकट उठून बसली आणि तिने हर्षलची कॉलर धरली.

"माझा बाप मला मागत होता! मला मागत होता, आणि तू खिशात घातलास? कुणी दिला तुला हक्क? मी काय तुझी केळी आहे, कोंडून ठेवायला? बोल!"

"एकवीस," नर्स म्हणाली. "चोवीस. मॅडम, दाब नव्वद! सत्तावीस!"

प्रणालीने त्याच्या छातीवर मूठ मारली, मग दुसरी. हर्षलने हात वर केले नाहीत. तो मार खात उभा राहिला आणि तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत राहिला. एकतीस. चौतीस. बारा वर्षांत तिच्या अंगात इतकं बळ त्याने पाहिलं नव्हतं. गाल लाल झाले होते, मानेची शीर उडत होती. तिच्या पोटातल्या दोन चिंचोक्यांनी हुकूम ऐकला होता. हर्षलला हसावंसं वाटलं आणि लगेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

अर्धा तास आकडा तिसाच्या खाली आला नाही. रक्तदाब एकशे दहा. डॉ. कस्तुरेंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि नर्सला म्हणाल्या, "लिहून घ्या. शिकली."

प्रणाली उशीला टेकून धापा टाकत होती. बऱ्याच वेळाने तिने मान वळवली. तिचा आवाज आता शांत होता, आणि हर्षलला त्या शांतपणाचीच जास्त भीती वाटली.

"काय सांगायचं होतं रे त्यांना?"

दोन महिन्यांची सवय. वाक्य आपोआप जिभेवर आलं. प्रणूला सांग, काळजी करू नकोस, माझा आशीर्वाद आहे. अप्पांच्या आवाजात, अप्पांच्या शब्दांत. तिला आधार वाटला असता. कदाचित तिने अर्धं माफही केलं असतं. सलीमपेक्षा किती चांगली बातमी! हर्षलने तोंड उघडलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मी ऐकलंच नाही."

प्रणालीने त्याच्याकडे एकदा नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "बाहेर जा."

तो बाहेर आला. बाकावर वैभव आणि जिजी बसले होते. जिजी धडपडत उठली. "काय रे? वाचली का?"

"वाचली," हर्षल म्हणाला आणि खाली फरशीवरच बसला.

तेवढ्यात आतून आवाज आला. प्रणालीने हंबरडा फोडला होता. 'अप्पा, अहो अप्पा' म्हणत ती गळा काढून रडत होती, लेक बापासाठी रडते तशी. वैभवने तोंड ओंजळीत झाकलं. जिजीने डोळ्याला पदर लावला आणि घाईघाईने दाराकडे निघाली. "गप्प करते तिला. एवढं रडणं बरं नव्हे या अवस्थेत. त्रास होईल पोरीला."

हर्षल उठला. आईच्या पुढे जाऊन त्याने दोन्ही हात चौकटीला लावले आणि दार अडवून उभा राहिला.

"रडू दे तिला, जिजी," तो म्हणाला. "कुणी आत जायचं नाही. मीसुद्धा नाही."